उपग्रह वर पोचला, पण तो पाहतो कसा?
दहावीच्या ‘अवकाश मोहिमा’ या पाठाचे परीक्षण

पडेगाव हे छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) शहराच्या पश्चिमेचे, छावणीच्या पलीकडे दौलताबाद-वेरूळ रस्त्यावरचे गाव. शहर आता तिथपर्यंत येऊन भिडले आहे. तरी त्या बाजूच्या शाळांमध्ये शेतकरी घरांतील मुले आजही असतात. अशा वर्गात जून संपता संपता एक प्रश्न हमखास येतो: “सर, काल टीव्हीवर आपल्या भागावर पांढरे शुभ्र ढग दाखवले होते. मग पाऊस का नाही पडला? उपग्रह चुकला का?”

प्रश्न साधा दिसतो, पण त्याच्यामागे घरचा संसार उभा असतो. मृगाचा शिडकावा झाला, आकाशात ढग आहेत, चित्रातही ढग आहेत, म्हणून कपाशी किंवा मका पेरून मोकळे व्हायचे आणि पुढे पंधरा दिवस पावसाने तोंड फिरवायचे, हा मराठवाड्याचा नेहमीचा अनुभव आहे. मग दुबार पेरणी. बियाण्याचा, खताचा, मजुरीचा खर्च दोनदा. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल आल्याशिवाय पेरू नका, असा कृषी विभागाचा सल्ला असतो. पण पर्जन्यमापकातल्या आकड्यापेक्षा पडद्यावरचे चित्र मनाला लवकर पटते.

या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी शिक्षकाच्या हाताशी काय आहे? बालभारतीच्या दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान, भाग १’ या २०१८ साली आलेल्या पुस्तकात शेवटचा, म्हणजे दहावा पाठ ‘अवकाश मोहिमा’ हा आहे. कृत्रिम उपग्रह, त्यांचे प्रकार, कक्षा, प्रक्षेपक, चंद्र व मंगळ मोहिमा आणि अवकाशातील कचरा असे विषय त्यात येतात. पडेगावच्या मुलाच्या प्रश्नाच्या बाजूने हा पाठ वाचून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पाठाची जमेची बाजू

आधी चांगले सांगितले पाहिजे. गुरुत्वाकर्षणाचा पहिला पाठ आणि हा दहावा पाठ यांचा सांधा उत्तम जुळवला आहे. न्यूटनचा नियम एकदा शिकला की तो परीक्षेपुरता राहत नाही, त्यातून उपग्रहाचा वेग काढता येतो, हे विद्यार्थ्याला स्वतः गणित करून कळते. ३५,७८० किलोमीटर उंचीवरील उपग्रहाचा वेग सेकंदाला ३.०८ किलोमीटर येतो आणि एका फेरीला २३ तास ५४ मिनिटे लागतात, हे सोडवून दाखवलेले उदाहरण मला विशेष आवडते. पृथ्वीचे स्वतःभोवतीचे फिरणे आणि उपग्रहाची फेरी यांचा मेळ बसला की उपग्रह आकाशात एका जागी थांबल्यासारखा दिसतो. ही गोष्ट आकड्यांतून उमगणे हा आनंदाचा क्षण असतो. (खरा आकडा २३ तास ५६ मिनिटे आहे. स्थिरांक आणि पृथ्वीची त्रिज्या सोयीसाठी पूर्णांकाच्या जवळ नेल्याने दोन मिनिटांचा फरक पडतो. हा फरक कुठून आला, हे शोधायला सांगणे हाही चांगला गृहपाठ होईल.)

अवकाशातील कचऱ्याचा विषय शालेय पुस्तकात आणला, हेही कौतुकास्पद. तंत्रज्ञानाच्या गौरवाबरोबर त्याची किंमतही सांगण्याची ही सवय पुस्तकात आणखी ठिकाणी दिसायला हवी होती.

तपशिलातील दोन खटकणाऱ्या गोष्टी

पहिली गोष्ट कक्षांविषयीची. पाठात कक्षांचे उंचीनुसार तीन प्रकार केले आहेत: ३५,७८० किलोमीटर किंवा त्याहून जास्त उंचीच्या, २,००० ते ३५,७८० किलोमीटरच्या मध्यम आणि १८० ते २,००० किलोमीटरच्या निम्न कक्षा. विभागणी ठीक आहे. पण ध्रुवांवरून जाणाऱ्या कक्षांची माहिती मध्यम उंचीच्या कक्षांच्या परिच्छेदात दिली आहे. त्यामुळे ध्रुवीय कक्षा म्हणजे मध्यम कक्षा, असे समीकरण विद्यार्थ्याच्या मनात बसते.

वस्तुस्थिती वेगळी आहे. कक्षा ध्रुवीय आहे की नाही, हे तिच्या कलावर ठरते, उंचीवर नाही. आणि पृथ्वीचे निरीक्षण करणारे बहुतेक ध्रुवीय उपग्रह निम्न कक्षेतच असतात. १७ मार्च १९८८ रोजी सोडलेला आपला दूरसंवेदन उपग्रह आयआरएस-१ए सुमारे ९०० किलोमीटर उंचीवरून फिरत असे. एका फेरीला त्याला सुमारे १०३ मिनिटे लागत आणि बावीस दिवसांनी तो पुन्हा त्याच पट्ट्यावर येई. त्याची कक्षा सूर्यसमकालिक होती, म्हणजे प्रत्येक ठिकाणावरून तो स्थानिक घड्याळाच्या ठरावीक वेळेच्या आसपासच जाई. त्यामुळे ऊन ज्या कलाने पडते तो कल दर वेळी साधारण सारखा राहतो आणि आजचे चित्र महिन्यापूर्वीच्या चित्राशी ताडून पाहता येते. पिकाखालचे क्षेत्र, जंगल किंवा जायकवाडीच्या नाथसागराचा पाणीपसारा मोजायचा, तर ही युक्ती अत्यावश्यक. पृथ्वीनिरीक्षणाच्या मुळाशी असलेल्या या सूर्यसमकालिक कक्षेला पाठात जागा मिळालेली नाही.

दुसरी गोष्ट उपग्रहांच्या कोष्टकाची. त्यात हवामान आणि दळणवळण या कामांसाठी इन्सॅट व जीसॅट या मालिकांची नावे एकत्र येतात. इन्सॅटविषयी ते एका काळी बरोबर होते. १९८३ साली गेलेल्या इन्सॅट-१बी या उपग्रहावर दूरचित्रवाणीची सोयही होती आणि ढगांची चित्रे घेणारे उपकरणही. जीसॅट मालिका मात्र मुख्यतः दळणवळणाची आहे. पुढे हवामानासाठी खास उपग्रह बनू लागले. १२ सप्टेंबर २००२ रोजी सोडलेल्या मेटसॅटला २००३ साली कल्पना चावला यांच्या स्मरणार्थ कल्पना-१ हे नाव दिले गेले. त्यानंतर इन्सॅट-३डी (२०१३), इन्सॅट-३डीआर (२०१६) आणि पुस्तक निघाल्यानंतर इन्सॅट-३डीएस (२०२४) हे उपग्रह गेले. एकच नाव दोन कामांपुढे आले की मुले ते पाठ करतात आणि दोन कामांतला फरक विसरतात. दळणवळणाचा उपग्रह आरशासारखा काम करतो: जमिनीवरून आलेला संदेश परत जमिनीवर पाठवतो. हवामानाचा उपग्रह डोळ्यासारखा काम करतो: पृथ्वीकडून येणारे प्रारण मोजतो. हे दोन वाक्यांत सांगता आले असते.

पण या चुका पुढच्या आवृत्तीत दुरुस्त होण्यासारख्या आहेत. खरी उणीव याहून खोल आहे.

डोळ्याविषयी मौन

सबंध पाठभर उपग्रह वर जातो. किती वेगाने, कोणत्या प्रक्षेपकाने, किती उंचीवर, सारे सांगितले आहे. वर गेल्यावर तो काय पाहतो, हे कोष्टकातील एका रकान्यात आटोपले आहे. आणि कसा पाहतो, याविषयी पाठ मौन बाळगतो. हवामानाचा अभ्यास व अंदाज, जंगले, वाळवंटे, समुद्र, ध्रुवीय बर्फ यांचे निरीक्षण ही कामांची यादी झाली. विज्ञानाच्या पुस्तकात यादीच्या पुढे एक पाऊल हवे होते. ते पाऊल कठीणही नाही, कारण त्याला लागणारी सामग्री याच पुस्तकातल्या उष्णतेच्या आणि प्रकाशाच्या पाठांशेजारी ठेवता येण्यासारखी आहे.

प्रत्येक पदार्थ आपल्या तापमानानुसार प्रारण बाहेर टाकत असतो. ते कोणत्या तरंगलांबीला सर्वांत तीव्र असते, हे काढण्याचा सोपा नियम आहे: २,८९८ ला केल्व्हिनमधील तापमानाने भागावे, उत्तर मायक्रोमीटरमध्ये मिळते. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५,८०० केल्व्हिन. भागाकार अर्धा मायक्रोमीटर, म्हणजे आपल्याला दिसणारा प्रकाश. जमीन सुमारे ३०० केल्व्हिन. भागाकार जवळजवळ दहा मायक्रोमीटर, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे अवरक्त प्रारण. वातावरणातील बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड बरेचसे अवरक्त प्रारण शोषून घेतात, पण दहा-अकरा मायक्रोमीटरच्या आसपास एक खिडकी बऱ्यापैकी उघडी असते. हवामानाचे उपग्रह त्या खिडकीतून खाली डोकावतात. म्हणूनच ते रात्रीही पाहू शकतात.

तेव्हा टीव्हीवर रात्रंदिवस दिसणारे ते चित्र हे छायाचित्र नव्हे. तो तापमानाचा नकाशा आहे. नेहमीच्या रिवाजानुसार त्यात थंड भाग पांढरा आणि गरम भाग काळा रंगवतात. आता एक गणित करून पाहू. जमिनीचे तापमान ३० अंश सेल्सिअस आहे आणि दर किलोमीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. तेरा किलोमीटर उंच गेलेल्या ढगाचा माथा उणे ५५ अंशांच्या जवळ, म्हणजे सुमारे २२० केल्व्हिन असेल. बाहेर पडणारी एकूण प्रारण ऊर्जा तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असते. २२० भागिले ३०० याचा चौथा घात सुमारे ०.२९ येतो. म्हणजे जमिनीच्या मानाने ढगाच्या माथ्याकडून उपग्रहाला तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी ऊर्जा मिळते. उपकरणाला हा फरक सहज कळतो आणि तो भाग चित्रात पांढरा होतो.

आता पडेगावच्या प्रश्नाकडे वळू. पांढरा रंग ‘माथा थंड आहे’ एवढेच सांगतो. ‘खाली पाऊस पडतो आहे’ असे तो सांगत नाही. पावसाळ्यात आपल्या डोक्यावर बारा ते पंधरा किलोमीटर उंचीवर पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा जोरदार वारा असतो. त्याला उष्ण कटिबंधीय पूर्वेचा जेट प्रवाह म्हणतात. भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५८ साली त्याचे सविस्तर वर्णन केले. बंगालच्या उपसागरावर किंवा विदर्भात उंच गर्जन्मेघ उभे राहिले की त्यांचे ऐरणीसारखे पसरलेले माथे हा वारा पश्चिमेकडे ओढत नेतो. मराठवाड्यावर येईपर्यंत खालचा बरसणारा ढग मागेच राहिलेला असतो आणि वर उरतो हिमकणांचा पातळ तंतुमेघ. थंड असल्यामुळे चित्रात तो पांढरा दिसू शकतो. त्यातून थेंबही पडत नाही.

आणि याच्या उलटही घडते. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्यातील मोठा वाटा सह्याद्रीच्या भिंतीवर चढणाऱ्या, फार उंच न जाणाऱ्या ढगांचा असतो. असा ढग पाच किलोमीटरपर्यंतच वाढला, तर त्याचा माथा शून्य अंशाच्या आसपास राहतो. अवरक्त चित्रात तो नुसता करडा दिसतो. चित्र पाहणाऱ्याला वाटावे, तिथे विशेष काही नाही. आणि खाली तर पाऊस कोसळत असतो. हे ढग आतून समजून घेण्यासाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २०१२ साली महाबळेश्वरला ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा उभारली. उपग्रह असताना डोंगरावर प्रयोगशाळा कशाला, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला हेच उत्तर द्यावे.

मराठवाड्यातलेच आणखी एक उदाहरण. २०१९ च्या पावसाळ्यात कृत्रिम पावसाचा प्रयोग झाला, तेव्हा त्यासाठी औरंगाबादला रडार बसवावे लागले होते. उपग्रहाचे अवरक्त उपकरण ढगाचा माथा पाहते. रडार ढगाच्या पोटातील थेंबांवरून परत आलेल्या लहरी मोजते. दोघांची कामे वेगळी. पाठात अशी दोन-तीन वाक्ये असती, तर ‘उपग्रह चुकला का’ या प्रश्नाचे उत्तर वर्गातच मिळाले असते: उपग्रह चुकला नाही, आपण त्याला विचारलेला प्रश्न चुकला.

कुठे आणि केव्हा

मुलांना चकित करणारी आणखी एक गोष्ट या पाठातील ज्ञानावरच उभी करता येते. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर असतो, हे पाठात आहे. पडेगाव विषुववृत्तापासून जवळजवळ २० अंश उत्तरेला आहे. मग ७४ अंश पूर्व रेखांशावर ठेवलेला इन्सॅट-३डीआर पडेगावच्या डोक्यावर नसणार. दक्षिणेच्या आकाशात, क्षितिजापासून सुमारे ६७ अंश उंचीवर असणार. म्हणजे तो आपल्याकडे थोडे तिरके पाहतो. तिरके पाहिले की उंच वस्तू पलीकडे सरकल्यासारखी दिसते. तेरा किलोमीटर उंचीचा ढगमाथा या तिरकसपणामुळे पाच-साडेपाच किलोमीटर उत्तरेला सरकून दिसतो. दुरुस्ती केली नाही, तर पडेगाववरचा ढग चित्रात गावाच्या उत्तरेच्या रानावर दिसेल. भूमितीचे शिक्षक आणि विज्ञानाचे शिक्षक यांनी मिळून घ्यावा असा हा तास आहे. त्यात भर म्हणजे या उपग्रहाच्या अवरक्त चित्रातील एक ठिपका जमिनीवर सुमारे चार किलोमीटर लांब-रुंद असतो. नकाशावर बोट ठेवून ‘हे माझे शेत’ म्हणता येण्याइतके हे चित्र बारीक नाही.

हवेच्या प्रदूषणाचे उदाहरणही गावातच आहे. २०१८ साली नारेगावच्या कचरा डेपोविरुद्ध आंदोलन झाल्यानंतर शहराच्या कचऱ्यावर प्रक्रिया करण्यासाठी ज्या जागा पुढे आल्या, त्यांत पडेगावही होते. कचरा कुठेही जळाला तर त्याचा धूर उपग्रहाला दिसेल का, हे मुले विचारणारच. युरोपीय अवकाश संस्थेचा सेंटिनेल-५पी हा उपग्रह १३ ऑक्टोबर २०१७ रोजी सोडला गेला. नायट्रोजन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, मिथेन अशा वायूंचे तो मोजमाप करतो. या कामातले ते एक उत्तम उपकरण आहे. पण २०१९ पासून त्याचा सर्वांत बारीक ठिपका साडेपाच गुणिले साडेतीन, म्हणजे सुमारे १९ चौरस किलोमीटरचा आहे. सगळे पडेगाव आणि आजूबाजूची वस्ती मिळून एक ठिपका. शिवाय तो दुपारी दीडच्या सुमारास जातो, त्यामुळे रात्री पेटवलेला ढीग त्याच्या वेळेत बसत नाही. आणि तो जमिनीपासून वातावरणाच्या माथ्यापर्यंतच्या सबंध स्तंभातील वायू मोजतो. शाळेच्या खिडकीतून आत येणाऱ्या हवेत किती आहे, हे त्यातून सरळ कळत नाही; त्यासाठी जमिनीवरचे मापन लागते. ‘उपग्रहाला दिसले नाही, म्हणजे धूर नव्हताच’ असे कोणी म्हणाले, तर तो युक्तिवाद का टिकत नाही, हे विद्यार्थ्याला सांगता आले पाहिजे. नागरिकशास्त्राच्या पुस्तकाबाहेरचे हे नागरिकशास्त्र आहे.

ओझोनच्या छिद्राचा धडा

उपग्रह आणि जमिनीवरील मोजमाप यांचे नाते दाखवणारी एक घटना प्रत्येक विज्ञान शिक्षकाला ठाऊक असावी. १९७८ साली गेलेला निंबस-७ हा अमेरिकी उपग्रह पृथ्वीभोवतीच्या ओझोनचे मापन करीत होता. अंटार्क्टिकावर वसंत ऋतूत ओझोन झपाट्याने कमी होत असल्याचे जगाला मात्र मे १९८५ मध्ये, जो फारमन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन यांच्या ‘नेचर’मधील निबंधाने कळले. त्यांनी वापरलेले साधन होते जमिनीवर ठेवलेले डॉब्सनचे जुने वर्णपटमापी यंत्र. उपग्रहालाही हे नीचांक दिसले होते. पण १८० डॉब्सन एककांखालची मूल्ये ‘संशयास्पद’ म्हणून बाजूला नोंदवावीत, अशी व्यवस्था गणनप्रणालीत होती. इतके कमी ओझोन असू शकेल, हे कुणाच्या कल्पनेत नव्हते. जमिनीवरच्या मोजमापांनंतर त्या नोंदी पुन्हा तपासल्या गेल्या, आणि १९८६ साली उपग्रहाच्याच नकाशांनी दाखवले की ही घट एका ठिकाणापुरती नसून सबंध अंटार्क्टिक खंडावर पसरलेली आहे.

छिद्र ओळखले जमिनीवरच्या यंत्राने. त्याचा विस्तार दाखवला उपग्रहाने. दोघांपैकी एकानेही काम भागले नसते. पाठात चंद्र आणि मंगळ मोहिमांना जितकी जागा आहे, तिच्या एक चतुर्थांश जागेत ही कथा बसली असती. आणि अभिमानाबरोबर विद्यार्थ्याला निरीक्षणाविषयीची सावधगिरीही मिळाली असती.

स्वाध्यायाविषयी

स्वाध्यायातील एक उदाहरण असे: पृथ्वीचे वस्तुमान आहे त्याच्या चौपट असते, तर ३५,७८० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाला एका फेरीला किती वेळ लागला असता? गणित म्हणून ते निर्दोष आहे. उत्तर साधारण बारा तास येते. पण चौपट वजनाच्या काल्पनिक पृथ्वीकडे वळण्याआधी आपल्या आहे त्या पृथ्वीवरचे एक उदाहरण घेता आले असते.

उदाहरणार्थ, भारत आणि फ्रान्स यांनी मिळून १२ ऑक्टोबर २०११ रोजी मेघा-ट्रॉपिक्स हा उपग्रह सोडला. उष्ण कटिबंधातील ढग, बाष्प आणि ऊर्जेची देवघेव यांचा अभ्यास हे त्याचे काम. उंची ८६५ किलोमीटर. पाठातील सूत्र वापरले तर वेग सेकंदाला सुमारे ७.४ किलोमीटर आणि फेरीचा काळ सुमारे १०२ मिनिटे येतो. दिवसाला चौदा फेऱ्या. आता पुढचा प्रश्न: त्याच्या कक्षेचा विषुववृत्ताशी कल फक्त २० अंश होता. तर तो कोणत्या अक्षांशांच्या पलीकडे कधीच जात नसे? उत्तर: २० अंश उत्तर आणि २० अंश दक्षिण. म्हणजे त्याची वाट उत्तरेकडे येऊन जिथे वळत असे, तो अक्षांश थेट आपल्या जिल्ह्याचा! वळणापाशी उपग्रहाची वाट अक्षवृत्ताला जवळजवळ समांतर होते, म्हणून त्या पट्ट्यावरून तो दिवसातून अनेकदा जातो. ध्रुवीय कक्षेतील एका उपग्रहाला हे साधत नाही. कक्षा कोणती निवडायची, हे काय पाहायचे आहे त्यावर ठरते, हा धडा एका गणितातून मिळाला असता. त्या उपग्रहावरील एक मुख्य उपकरण २०१३ च्या जानेवारीत बंद पडले, बाष्प मोजणारे उपकरण मात्र पुढे बरीच वर्षे उपयोगी पडत राहिले. आणि ७ मार्च २०२३ रोजी इस्रोने तो उपग्रह ठरवून वातावरणात उतरवून नष्ट केला. पाठातील अवकाश कचऱ्याच्या मुद्द्यालाही यापेक्षा चांगले घरचे उदाहरण शोधून सापडणार नाही.

तोवर वर्गात काय करावे

पुस्तक बदलेल तेव्हा बदलेल. पाने मोजकी असतात, लेखक-मंडळाला सर्वच घेता येत नाही, आणि शिक्षकालाही परीक्षेचे वेळापत्रक सांभाळावे लागते, हे मान्य आहे. तरीही पावसाळ्यातले तीन तास पुरतील असे काही सुचवतो.

पहिला तास आकाशाच्या तापमानाचा. न टेकवता तापमान दाखवणारे अवरक्त तापमापक आता बाजारात सहज मिळतात. उणे पन्नास अंशांपर्यंत मोजणारे औद्योगिक प्रकारचे घ्यावे. कपाळाचे तापमान घेणारे चालणार नाही, कारण ते फक्त शरीराच्या तापमानाच्या आसपासच वाचते. मैदान, झाडाची सावली, निळे आकाश आणि ढगाचा तळ यांवर ते क्रमाने धरावे. सूर्याकडे रोखू नये. निळे आकाश अतिशय थंड आणि ढगाचा तळ त्याहून उबदार, असे आकडे मुले स्वतः वाचतील. उपग्रह हेच वरून करतो, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

दुसरा तास पर्जन्यमापकाचा. सरळ बाजूंची बाटली, फनेल आणि पट्टी एवढे साहित्य पुरे. शहराची अधिकृत नोंद होते ती पूर्वेकडे, चिकलठाणा विमानतळावरील वेधशाळेत. पडेगाव शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. जुलै-ऑगस्टमधील वळिवासारख्या सरींत दोन टोकांच्या नोंदी किती वेगळ्या पडतात, हे महिनाभर लिहून पाहावे. महावेध प्रकल्पात महसूल मंडळांच्या पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रे का उभारली गेली, याचे कारण त्या वहीतच सापडेल. पीकविम्याचा वाद मंडळातल्या एका आकड्यावर कसा येऊन ठेपतो, हे तर काही मुलांना घरूनच ठाऊक असेल.

तिसरा तास तुलनेचा. भारतीय हवामानशास्त्र विभाग आणि इस्रोचे मोसडॅक हे केंद्र इन्सॅटची चित्रे सर्वांसाठी खुली ठेवतात. रोज एका ठरावीक वेळेचे दृश्य प्रकाशातील आणि अवरक्त अशी दोन चित्रे पाहावीत. अवरक्तात पांढरा पण दृश्य प्रकाशात फिकट, तो बहुधा पातळ तंतुमेघ. दोन्हींत पांढरा, तो जाड आणि उंच ढग. दृश्य प्रकाशात पांढरा पण अवरक्तात करडा, तो कमी उंचीचा ढग. चित्र पाहून आधी वहीत अंदाज लिहावा आणि दुसऱ्या दिवशी पर्जन्यमापक पाहावा. किती अंदाज बरोबर आले आणि किती चुकले, दोन्ही मोजावे. चुकलेले खोडू नयेत.

‘अवकाश मोहिमा’ हा पाठ वाचून विद्यार्थ्याला उपग्रह वर पाठवण्याचे गणित येते, ही मिळकत लहान नाही. पण दहावीनंतर यांतली फार थोडी मुले उपग्रह सोडायला जाणार आहेत. उपग्रहाचे चित्र मात्र प्रत्येक जण पाहणार आहे, आणि काही जण ते पाहून पेरणी करायची की थांबायचे, हे ठरवणार आहेत. त्यांच्यासाठी पाठात दोन पाने अजून लिहायची राहिली आहेत. ती छापली जाईपर्यंत आपण शिक्षकांनी ती फळ्यावर लिहावीत.